फोर्डची फॉक्स-बॉडी (ऐंशीच्या दशकातली) मस्टँग: मागच्या एक्सलमध्ये २.७३ चा गिअर रेशो काढून ३.७३, कामाच्या नोंदी

३० मार्च २०२४, शनिवार

हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन गेलं, आता मिशिगनमध्ये जुनी गाडी बाहेर काढायला हरकत नाही. आज मस्टँगचं कव्हर काढलं, बॅटरी जोडली, लगेच चालू झाली. गाडी १९८९ ची, एलएक्स मॉडेल, ५.० लिटरचं व्ही-८ इंजिन, पाच गिअरची टी-५ गिअरबॉक्स. इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे, २२५ हॉर्सपॉवर ४२०० आरपीएमला आणि ३०० फूट-पौंड टॉर्क ३२०० ला. कागदावर हे आकडे हलक्या गाडीला भरपूर झाले.

पण चालवताना पिकअप मिळत नाही, निदान जसा मिळायला हवा तसा नाही. पहिला गिअर संपता संपत नाही, सिग्नलवरून सुटताना क्लच जास्त वेळ घसरवायला लागतो, आणि डेट्रॉइटजवळच्या नोवायच्या आसपास, ताशी ४५ मैलांच्या रस्त्यांवर पाचवा टाकला की इंजिन ११०० वर येतं, गाडी गदगदायला लागते. मग चौथ्यातच फिरायचं, पाचवा फक्त हायवेला. इंजिनात काही बिघाड नाही, कॉम्प्रेशन छान आहे, प्लग नवीन आहेत. दम आहे पण तो चाकापर्यंत पोचत नाही.

कारण मागच्या एक्सलमध्ये आहे. डिफच्या (डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गट) कव्हरला एका बोल्टखाली पत्र्याचा छोटा टॅग असतो, तो तारेच्या ब्रशने घासला तर २एल७३ आणि ८८ दिसलं. म्हणजे रेशो २.७३ (चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा शाफ्ट २.७३ वेळा फिरतो), मधला एल म्हणजे ट्रॅक्शन-लॉक (एकच चाक नुसतं फिरू न देणारी क्लचची सोय), ८८ म्हणजे ८.८ इंचांची क्राउन, डिफमधलं मोठं दातेरी चाक. दाराच्या स्टिकरवर एक्सलचा कोड एम आहे, तोही जुळतो. त्या काळात मॅन्युअल गाडीला २.७३ हाच स्टँडर्ड होता, ३.०८ वेगळे पैसे देऊन मिळायचा. अमेरिकेत १९७५ च्या ऊर्जा कायद्यानंतर कंपनीला सगळ्या गाड्यांचं मिळून सरासरी मायलेज दाखवायला लागायचं, त्यामुळे एवढ्या ताकदीच्या गाडीलासुद्धा असा लांब पल्ल्याचा रेशो दिला गेला. हायवेला ७० वर इंजिन जेमतेम १७५० फिरतं, पेट्रोल वाचतं, आणि शहरात गाडी झोपते.

यंदा क्राउन आणि तिला फिरवणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन, ही जोडी बदलायची, आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने बदलायची.

६ एप्रिल, शनिवार

कुठला रेशो घ्यायचा यावर आज वही घेऊन बसलो. पर्याय ३.२७, ३.५५, ३.७३ आणि ४.१०.

साधा हिशोब असा की २.७३ वरून ३.७३ म्हणजे चाकावरचा टॉर्क प्रत्येक गिअरमध्ये साडेछत्तीस टक्क्यांनी वाढतो. पहिल्या गिअरमध्ये आधी ३.३५ गुणिले २.७३ म्हणजे ९.१५ होतं, आता साडेबारा. हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे, पण एवढ्यावर थांबलं तर चित्र अर्धंच राहतं, कारण गिअर लवकर संपतो आणि वरचा लवकर टाकायला लागतो. इंजिनाची हॉर्सपॉवर तर एकानेही वाढत नाही. म्हणून मी वेगाप्रमाणे तुलना काढली, ५५०० ला गिअर बदलायचा असं धरून, टायर २२५/६०/१५ म्हणजे मैलाला साधारण ८१० फेरे.

शून्य ते ३३ मैल: दोन्ही पहिल्यात, साडेबारा विरुद्ध ९.१५, नवीन सेट सरळ पुढे.

३३ ते ४४: नवीन गाडी दुसऱ्यात गेलेली (७.२०), जुनी अजून पहिल्यातच (९.१५). इथे जुना सेट पुढे! हे बघून मी दोन मिनिटं थांबलो. पण मग लक्षात घ्यायचं की या पट्ट्यात जुन्या सेटवर इंजिन ४१०० ते ५५०० मध्ये ओरडत असतं, आणि हे इंजिन साडेचार हजारानंतर थकतं, तर नवीन सेटवर तेच इंजिन ३२०० ते ४३०० मध्ये, म्हणजे बरोबर त्याच्या आवडत्या जागी. त्यामुळे कागदावरचा तोटा रस्त्यावर फारसा उरत नाही.

४४ ते ५६: दोन्ही दुसऱ्यात, नवीन पुन्हा पुढे. ५६ ते ७७: नवीन तिसऱ्यात ४.८१, जुनी दुसऱ्यात ५.२७, जुनी किंचित पुढे. ७७ नंतर मात्र थेट १०९ पर्यंत नवीन पुढे, कारण नवीन सेटचा चौथा गिअर (सरळ ३.७३) हा जुन्याच्या तिसऱ्यापेक्षा (३.५२) जोरदार आहे. हे मला फार आवडलं.

म्हणजे रेशो बदलणं हे जिन्याच्या पायऱ्या हलवण्यासारखं आहे, जिना तेवढाच उंच राहतो, पण पाय कुठे पडणार ते आपण ठरवतो. शहरात मी ज्या वेगात दिवसभर असतो, २० ते ५०, तिथे पाय पडायला हवेत.

आता ३.५५ की ३.७३. ३.५५ च्या बाजूने एक चांगला मुद्दा: दुसरा गिअर ५५०० ला जवळजवळ ६० मैलांपर्यंत जातो, ३.७३ वर ५६-५७ लाच संपतो. मासिकात छापतात तो शून्य ते साठचा आकडा हवा असेल तर ३.५५ वर एक गिअर बदलणं वाचतं, आणि एका गिअर बदलण्यात जाणारा वेळ थोडाथोडका नसतो. पण मी काही साठला ब्रेक मारून उतरत नाही. पाव मैलाच्या शर्यतीच्या शेवटी ही गाडी साधारण ९५-९७ ला असते, ३.७३ वर तिथे चौथ्यात इंजिन ४९०० च्या आत राहतं, अजून जागा आहे. ४.१० वर ५३०० च्या वर जातं, आणि हायवेला ७० वर २६०० च्या पुढे, रोज एवढा आवाज मला नको. ३.७३ वर ७० ला २४०० च्या आसपास. मला ऑफिसला आय-९६ हायवेवरून जायचं असतं, तेवढं चालेल.

३.७३ नक्की.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली आणि मुहूर्तावर ऑर्डर टाकली. फोर्ड परफॉर्मन्सचा ३.७३ सेट, म्हणजे ४१ दातांची क्राउन आणि ११ दातांचा पिनियन. इन्स्टॉलेशन किट वेगळं: पिनियनची दोन्ही बेअरिंगं, कॅरिअरची (क्राउन ज्यावर बसते तो भाग) दोन्ही, सील, क्रश स्लीव्ह, पिनियन नट, क्राउनचे बोल्ट, शिमांचा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचा) संच आणि पिवळा मार्किंग पेस्ट. शिवाय ट्रॅक्शन-लॉकच्या नवीन क्लच प्लेट्स, एक्सलची सीलं आणि बेअरिंगं. हाउसिंग एकदा उघडलं की यातलं काही जुनं परत घालणं मला पटत नाही, नंतर गळायला लागलं तर पुन्हा सगळं खोलायचं.

दातांच्या संख्येबद्दल एक छान गोष्ट: ४१ आणि ११ ला एकाने सोडून कशानेच भाग जात नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो, झीज सगळीकडे सारखी होते.

२० एप्रिल, शनिवार

खोलायला सुरुवात. गाडी मागून चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), दोन बॉडीला आणि दोन एक्सलखाली. प्रोपेलर शाफ्टला आणि पिनियनच्या टोकाच्या फ्लँजला (जोडणीच्या चकतीला) समोरासमोर पांढऱ्या रंगाची खूण केली, कारण परत त्याच जागी बसवलं तर बॅलन्स बिघडत नाही. तिथले बोल्ट बारा कोनांचे, १२ मिलिमीटरचे, साधा सहा कोनी पाना लावू नये, डोकं गोल होतं.

या डिफला तेल काढायचा वेगळा प्लग नाहीये, कव्हरचे खालचे बोल्ट सैल करून वर दोन तसेच ठेवायचे आणि कव्हर हळूच उचकटायचं. तेल काळं आणि गंधकाचा तो नेहमीचा वास, हायपॉइड गिअर ऑइलचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. कणीबिणी काही सापडली नाही.

पुढची पायरी जपून करायची. एक्सल बाहेर काढण्यासाठी आधी मधली आडवी पिन काढायला लागते आणि ती पिन एका बारीक बोल्टने धरलेली असते. हा बोल्ट आतल्या आत तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यावर हीट गन धरली, मग छोट्या रॅचेटने थोडा पुढे थोडा मागे, पुढे मागे, आणि निघाला अख्खा. पिन काढली, दोन्ही एक्सल आत ढकलले, त्यांना धरून ठेवणाऱ्या सी-क्लिपा हातात पडल्या, ड्रम आधीच काढले होते त्यामुळे एक्सल सरळ बाहेर.

बेअरिंग कॅपांवर पंचाने खुणा केल्या, डावीला एक टिंब, उजवीला दोन, वर कुठली बाजू तेही. या कॅपा हाउसिंगबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग वाकडं बसतं. कॅरिअर बाहेर काढताना दोन्ही बाजूंच्या शिम कुठून आल्या ते टेपवर लिहून चिकटवलं. पिनियन नटला इम्पॅक्ट लावून फ्लँज काढला, पिनियन मागून ठोकला तर आत येऊन पडला. पिनियनच्या डोक्याखालची कंपनीची शिम मायक्रोमीटरने मोजली, २८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहिलाय, पुढचं सगळं काम इथून सुरू होणार.

२१ एप्रिल, रविवार

आज सगळी तयारी. हाउसिंग ब्रेक क्लीनरने धुतलं, एक्सलच्या नळ्यांमधून कापड ओढून काढलं. ट्रॅक्शन-लॉक उघडला. आत इंग्रजी एस आकाराची एक जाड स्प्रिंग असते, ती हातोडीने एका बाजूने ठोकून बाहेर काढायची, चेहरा बाजूला ठेवून आणि चष्मा घालून, कारण निघताना ती उडते. जुन्या प्लेट्सचं मटेरियल पार गुळगुळीत झालेलं. नवीन प्लेट्स फ्रिक्शन मॉडिफायरमध्ये भिजवून क्रमाने लावल्या.

क्राउन कॅरिअरवर चढवताना समोरच्या घरातले आजोबा आले. त्यांचं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, हात अजून स्थिर. त्यांनी सांगितलं, क्राउन ओव्हनमध्ये गरम कर, बोल्टने ओढून बसवू नकोस. गॅरेजमधल्या जुन्या ओव्हनमध्ये २०० फॅरनहाइटला अर्धा तास ठेवली, जाड हातमोजे घालून उचलली आणि खरंच, नुसती ठेवली तर खाली सरकून बसली. मग नवीन दहा बोल्ट, लाल थ्रेडलॉकर, समोरासमोरचे एकाआड एक करत ७५ फूट-पौंड.

मग ट्रायलची बेअरिंगं तयार केली. पिनियनचं आतलं बेअरिंग प्रेसने घट्ट बसवायचं असतं आणि शिम त्याच्या खाली असते, म्हणजे प्रत्येक वेळी शिम बदलायला बेअरिंग उपटून काढायला लागणार. म्हणून जुनं बेअरिंग स्वच्छ करून त्याचं आतलं भोक फ्लॅप व्हीलने अगदी थोडं घासलं, इतकं की हाताने सरकून चढतं आणि हाताने निघतं. मापं सगळी यावर घ्यायची, शेवटी नवीन बेअरिंग एकदाच प्रेस करायचं. हे ज्याने कुणी पहिल्यांदा केलं असेल त्याला मनापासून नमस्कार.

२७ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस या कामातला सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

क्राउन-पिनियन बसवणं म्हणजे दोनच गोष्टी जुळवायच्या. पिनियन किती आत (हे डोक्याखालच्या शिमवर ठरतं), आणि क्राउन पिनियनच्या किती जवळ (हे कॅरिअरच्या डाव्या-उजव्या शिमांवर). दुसऱ्या गोष्टीचं माप म्हणजे लॅश, पिनियन धरून ठेवला तर क्राउन किती हलते ते, डायल गेजवर. मॅन्युअलमध्ये ८ ते १५ थाऊ दिलंय, मला १० च्या आसपास हवं होतं. पहिली गोष्ट मात्र दातांवरचा ठसा बघून ओळखायची.

सुरुवात कंपनीच्या २८ च्या शिमने केली. क्रश स्लीव्ह न घालता नट नुसता इतका आवळला की बेअरिंगला थोडा ताण आला. कॅरिअर ठेवला, शिम दोन्ही बाजूंना हातोडीने हलके ठोकत घातल्या, कॅपा आवळल्या. लॅश १८ आला, फार जास्त. या हाउसिंगमध्ये क्राउन डाव्या बाजूला असते, म्हणून तिला पिनियनकडे न्यायचं तर डावीकडे जाड शिम आणि उजवीकडे तेवढीच पातळ, एकूण जाडी तीच ठेवायची म्हणजे बेअरिंगांचा ताण बदलत नाही. ढोबळ नियम असा की १० थाऊ सरकवलं की लॅश ७ ने बदलतो. मला ८ कमी करायचा होता म्हणून १२ सरकवले. पुन्हा मोजलं, साडेनऊ. क्राउनवर चार ठिकाणी मोजलं, सगळीकडे एका थाऊच्या आत फरक, म्हणजे क्राउन सपाट बसलीये.

आता ठसा. तीन-चार दातांना पिवळा पेस्ट ब्रशने पातळ लावला, फ्लँजवर कापड गुंडाळून ब्रेकसारखा दाब ठेवला आणि क्राउन पान्याने पुढे-मागे फिरवली. दाताची बाहेरची फुगीर बाजू ही गाडी पुढे ओढणारी, आतली खोलगट बाजू ही ॲक्सिलरेटर सोडल्यावरची. बाहेरच्या बाजूवर पेस्ट पुसला गेलेला पट्टा दाताच्या वरच्या कडेला, टोकाजवळ, अगदी कडेवर चढलेला. खोलगट बाजूवरही तसाच वर. म्हणजे पिनियन अजून लांब आहे, आत घ्यायला पाहिजे.

तेवढ्यात मामांचा फोन आला, कराडहून, तिकडे रात्र झालेली. मामांकडे खूप वर्षं सीजे-३बी जीप होती, ५.३८ रेशोची, पिनियनला आठच दात आणि क्राउनला ४३. उसाची ट्रॉली लावून चढ चढायची, आणि ताशी साठ किलोमीटरच्या पुढे गेली की कानाला हात लावायला लागायचे. तिचं क्राउन-पिनियन मामांनी समोर बसून बदलून घेतलेलं. मी व्हिडिओ कॉलवर दात दाखवले.

"निळं लावलंयस व्हय?"

"नाही मामा, पिवळा पेस्ट येतो इकडे किटमध्ये."

"आमचा मिस्त्री शेंदूर कालवायचा तेलात. लाल ठसा उठायचा, लांबनं दिसायचा." मग थोडं थांबून, फोन जवळ घेऊन बघत, "कडंला गेलंय रं. आत घे अजून."

मी म्हटलं, "तेच करतोय. शिम चार थाऊने वाढवतो."

"वाढीव, पण घाई करू नगंस. ठसा मधी आल्याबिगर उठायचं न्हाई."

पिनियनची शिम २८ वरून ३२ केली. पिनियन आत गेला की लॅश कमी होतो, म्हणून बाजूच्या शिमा पुन्हा थोड्या मागे घेतल्या, लॅश १० वर आणला. नवीन ठसा: आता दाताच्या मुळाकडे झुकलेला, खोल. फार नाही, पण बाहेरच्या बाजूला पट्ट्याची खालची कड धूसर न राहता तीक्ष्ण उमटत होती, आणि ती तीक्ष्ण कड म्हणजे दात मुळाशी घासतोय. असं सोडलं तर हायवेला रडणार, म्हणजे तो कूं असा आवाज. आजोबा बॅटरी घेऊन वाकून बराच वेळ बघत होते, म्हणाले एक थाऊ कमी कर, दोन नाही.

२८ एप्रिल, रविवार

शिम ३१. सकाळी ताज्या डोळ्यांनी बसवलं. लॅश १०, चारही ठिकाणी. ठसा बाहेरच्या बाजूला दाताच्या उंचीच्या बरोबर मधोमध, वर-खाली दोन्हीकडे पिवळी पट्टी शिल्लक, कडा मऊ. लांबीच्या दिशेने आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला, ते चालतं, लोड आला की ठसा बाहेरच्या टोकाकडे सरकतो. खोलगट बाजूही मधोमध. तीन थाऊ म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतका फरक, आणि तेवढ्यावर गाडी गप्प राहणार की रडणार हे ठरतं.

फोटो काढून मामांना पाठवला. उत्तर आलं, "आता बसलं."

४ मे, शनिवार

पक्की जोडणी. खऱ्या पिनियनवर ३१ ची शिम आणि नवीन बेअरिंग प्रेस केलं. क्रश स्लीव्ह, पुढचं बेअरिंग, सील, फ्लँज, नवीन नट.

क्रश स्लीव्ह म्हणजे पोलादी नळी, जी नट आवळताना चेपायची असते, आणि ती चेपेपर्यंत भयंकर जोर लागतो. मॅन्युअलमध्ये किमान १४० फूट-पौंड लिहिलंय पण प्रत्यक्षात चेपायला लागायच्या आधीच त्याच्या बरंच पुढे जावं लागतं. फ्लँजला पट्टीचा लांब दांडा बोल्टने धरला, नटला ब्रेकर बार आणि त्यावर पाइप. आजोबांनी दांडा धरला, मी पाइप. एकदा ती चेपायला लागली की मग अगदी कणाकणाने पुढे जायचं, प्रत्येक वेळी इंच-पौंडाच्या टॉर्क रेंचने पिनियन फिरवून ताण मोजायचा. नवीन बेअरिंगांना १६ ते २९ इंच-पौंड. पुढे गेलं तर नट सैल करून चालत नाही, स्लीव्ह टाकून नवीन घालायला लागते. मोजत गेलो: काहीच नाही, काहीच नाही, ६, ११, १५, १९, २१. थांबलो.

कॅरिअर परत, नवीन बेअरिंगांसकट, कॅपा ७५ ला. लॅश पुन्हा बघितला, १०. शेवटचा ठसा घेतला, मागच्या रविवारसारखाच. मग एक्सल, सी-क्लिपा, मधली पिन, तिचा नवीन बोल्ट थ्रेडलॉकर लावून. कव्हरला काळं सिलिकॉन, रात्रभर सुकू दिलं.

५ मे, रविवार

तेल भरलं, फिलर प्लगच्या भोकाच्या जरा खालपर्यंत, त्यात चार औंस फ्रिक्शन मॉडिफायर. तो विसरला तर वळणावर ट्रॅक्शन-लॉक कडकड वाजतो.

पहिली फेरी फक्त वस्तीतल्या रस्त्यांवर, पंधरा-वीस मिनिटं, एकही जोराचा दाब नाही. परत येऊन गाडी अर्धा तास गार होऊ दिली. नवीन दातांना पहिल्यांदा भरपूर उष्णता होते, तेव्हा तापवणं-गार करणं हे पहिल्या दिवशी पाळायलाच पाहिजे. असं दुपारभर करत राहिलो. आवाज? दाब दिल्यावर नाही, सोडल्यावर नाही, ४५ वर नुसतं तरंगत ठेवल्यावरही नाही. खिडक्या वर करून, रेडिओ बंद करून ऐकलं.

आणि हो, सिग्नलवरून क्लच सोडला आणि गाडी निघाली. नुसती निघाली, ओढाताण न करता.

११ मे, शनिवार

स्पीडोमीटर. रेशो बदलल्यावर तो खोटं बोलतो, कारण या गाडीत केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते आणि तिथला शाफ्ट आता त्याच वेगाला जास्त फिरतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ४४ ला असते. हिशोब सोपा: शाफ्टवरच्या गिअरचे दात गुणिले एक्सल रेशो गुणिले मैलाला टायरचे फेरे, भागिले १०००. माझ्या शाफ्टवर ७ दात, म्हणजे ७ गुणिले ३.७३ गुणिले ८१० भागिले हजार, उत्तर २१.१. केबलच्या टोकाला २१ दातांचा प्लास्टिकचा गिअर पाहिजे, आधी १६ चा होता. एक बोल्ट, एक क्लिप, गाडीखाली दहा मिनिटांचं काम. जीपीएसबरोबर ताडून बघितलं, ७० ला फरक एका मैलाच्या आत.

१ जून, शनिवार

५०० मैल झाले, तेल बदललं. नव्या दातांची पहिली झीज सगळी या तेलात उतरते, राखाडी चंदेरी झाक होती, बोटांवर चोळून बघितलं तर पीठ, कणी नाही. नवीन सिंथेटिक भरलं आणि आता पाय मोकळा.

रोजच्या वापरात सगळ्यात मोठा फरक अपेक्षा नव्हती तिथे पडलाय. ४५ च्या रस्त्यावर आता पाचवा टाकता येतो, १५५० वर इंजिन आरामात राहतं, म्हणजे पाचही गिअर खरोखर वापरात आले. दुसऱ्यात ३० वर असताना आधी २१०० असायचं, आता २९०० असतं, म्हणजे पाय दाबला की इंजिन टॉर्कच्या टोकावर उभंच असतं, खालचा गिअर शोधायला लागत नाही. हायवेला आवाज वाढलाय हे खरं, आणि मायलेज माझ्या हिशोबाने गॅलनला दोनेक मैलांनी कमी झालंय. एवढे दिवस गाडी चालवून मला तो सौदा मान्य आहे. ज्याला रोज शंभर मैल हायवेच करायचाय त्याने ३.२७ च्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

२२ जून, शनिवार

मिलान ड्रॅगवेला, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीच्या ट्रॅकला गेलो, यूएस-२३ हायवेने खाली. मागच्या वर्षी याच टायरांवर पाव मैलाला १४.८ सेकंद होते. आज गरम हवा, तेच साधे टायर, आणि १४.४. पहिल्या साठ फुटांतच बराचसा फरक मिळाला, नंतरचा थोडा. सुरुवातीला ३००० ला क्लच सोडला तर टायर नुसते फिरले, कारण साडेबाराचा गुणाकार आता सगळा चाकावर येतो. १८०० ला सोडून मग दाबायला लागलो तेव्हा गाडीने पकड घेतली. शेवटच्या रेषेला चौथा गिअर, ४८०० च्या आसपास, वहीतल्या हिशोबाप्रमाणे.

यापुढे जायचं असेल तर आता रेशोने नाही होणार, मागचे टायर आणि लोअर कंट्रोल आर्मचे (एक्सलला जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश बदलायला लागतील. जुने रबर दाब आला की एक्सलला मुरडू देतात, आजच्या स्टार्टला मागून एक धक्का जाणवला तो त्याचाच.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज वुडवर्ड ड्रीम क्रूझ, डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची जत्रा. सोळा मैल रस्त्याचे दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी गाड्यांनी इतके भरतात की तासभर पहिल्या गिअरच्या वर जाणं होत नाही. जुन्या सेटवर या गर्दीत क्लच सतत अर्धा दाबून ठेवायला लागायचा, पाय दुखायचा. आज पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी चालण्याच्या वेगाने रांगत होती, तापमानाचा काटा मधोमध. रॉयल ओकजवळ शेजारी एक ८८ ची मस्टँग जीटी थांबली होती, चालवणाऱ्याने खिडकीतून विचारलं की रेशो कुठला. ३.७३ म्हटलं. त्याच्याकडे अजून २.७३ च होता. पिनियनच्या शिमचे आकडे, लॅश आणि स्लीव्हचा ताण असलेलं वहीचं पान त्याला फोटो काढून पाठवलं, त्याच्या हाउसिंगला शिम वेगळीच लागेल हेही सांगितलं. बुश मागवलेत, पुढच्या शनिवारी लावायला घेतो.